खात्याखात्यांतील भांडण कोणाच्या पथ्यावर?

पर्यटनाला ‘धूरविरहित उद्योग’ म्हणण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. धूर नसेल, पण धुसफूस पुष्कळ आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरील वा महाबळेश्वरच्या कोणत्याही मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षाचे आणि खोल्या साफ करणाऱ्यांचे पटत नाही, वाढपी आणि भटारखाना एकमेकांवर गुरकावतात. व्यवस्थापक याला स्वभावदोष समजतात आणि मनुष्यबळ विभागाकडे इलाज सोपवतात. मग सहकार्याचे महत्त्व सांगणारी व्याख्याने होतात, वर्षातून एखादी सहल निघते, आणि दुसऱ्या दिवशी भांडण पुन्हा जागच्या जागी असते.

हे भांडण कशावरून होते ते पाहावे. जुने पाहुणे अकरा-बाराच्या सुमारास खोली सोडतात, नवे दोनच्या सुमारास येतात. मधल्या दोन-तीन तासांत मजलेच्या मजले साफ व्हावे लागतात. अशा वेळी एखादे कुटुंब लवकर येते आणि स्वागतकक्षातला कारकून ‘अर्ध्या तासात खोली देतो’ असे सांगून मोकळा होतो. शब्द त्याचा, श्रम मात्र वरच्या मजल्यावरील बाईचे. धोबीखान्यातून चादरी आलेल्या नसतात, गळका नळ दुरुस्त झालेला नसतो; आणि पाहुण्याची तक्रार नोंदली जाते ती तिच्याच नावावर. माणसे कमी नेमून मालकाने जो पैसा वाचवला, त्याची किंमत ही दोन खाती परस्परांवर ओरडून चुकती करीत असतात.

विल्यम फूट व्हाइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात शिकागोतील उपाहारगृहांचा अभ्यास केला. तेथे वाढपी स्त्रिया आचाऱ्यांना तोंडी मागण्या सांगत. आचारी स्वतःला वरच्या दर्जाचे समजत. खालच्या दर्जाच्या बाईने हुकूम सोडावा हे त्यांना खपत नसे. जेथे मागणीची चिठ्ठी मध्ये ठेवलेल्या खिळ्यावर टोचून ठेवण्याची पद्धत होती, तेथे ही चकमक कमी होई, कारण आचारी चिठ्ठ्या आपल्या क्रमाने उचलू शके. माणसे तीच राहिली, कामाची मांडणी तेवढी निराळी. मनुष्यबळ विभागाने शिकण्याजोगा हा पहिला धडा आहे.

परंतु सगळेच प्रश्न खिळ्यावर टांगता येत नाहीत. बक्षिशी घ्या. ती पाहुण्याच्या नजरेसमोर असलेल्या वाढप्याच्या हाती पडते. भांडी घासणाऱ्याला पाहुणा पाहतच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली सेवाशुल्काची सक्ती करण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ग्राहकाच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले. पण स्वेच्छेने दिलेला पैसा कोणाचा, हा कामगारांचा प्रश्न त्याने सुटत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने बक्षिशीत मालकाला वाटा ठेवता येत नाही, तिचे वाटप न्याय्य असावे लागते आणि एजन्सीमार्फत आलेला कामगारही त्यात धरावा लागतो. आपल्याकडे मनुष्यबळ विभाग कायद्याची वाट न पाहताही सामाईक निधी उभारू शकतो आणि त्याचा हिशेब दरमहा फलकावर लावू शकतो.

सर्वांत खोल दरी कंत्राटाची आहे. साफसफाई, पहारा, धुलाई कंत्राटदाराकडे जाते. कंत्राटी कामगारांचे नियमन करणारा कायदा १९७० साली आला, तरी एकाच छपराखाली दोन प्रकारची माणसे राबतच राहिली. कायम कर्मचाऱ्याला रजा आणि बढती. कंत्राटी बाईविषयी मात्र मनुष्यबळ विभाग म्हणतो, ‘ती आमची नव्हे.’ जिचे नावच हजेरीपटावर नाही, तिने कोणत्या नात्याने सहकार्य करावे? कामगार संघटनाही पुष्कळदा कायम कर्मचाऱ्यांपाशीच थांबतात, हे नमूद केले पाहिजे.

काही कार्यकर्ते विचारतील : मालकाच्या घरातील तंटे मिटवण्याची चिंता आपण का वाहावी? याचे उत्तर स्पष्ट आहे. वाढपी आणि आचारी यांचे भांडण हा वर्गसंघर्ष नव्हे. ते जोवर चालू आहे तोवर नेमणुका, वेतन आणि कंत्राट या मूळ प्रश्नांकडे दोघांचेही लक्ष जात नाही. तो तंटा शमला, तरच खरा प्रश्न योग्य दारी नेता येईल.

त्यासाठी मागण्या साध्या आहेत. पाळी बदलताना सर्व खात्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींची दहा मिनिटे बैठक व्हावी. साफसफाईच्या मुकादमाला विचारल्याखेरीज खोलीचा शब्द दिला जाऊ नये. नव्या माणसाला प्रथम काही दिवस प्रत्येक खात्यात काम करू द्यावे. कंत्राटी कामगारांना या सर्वांत समान स्थान असावे. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती आवश्यक आहे आणि तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावे लागतात. त्या संहितेविषयी आपले आक्षेप कायम ठेवूनही ही जागा मोकळी सोडण्याचे कारण नाही. तेथे भटारखान्यातला, मजल्यावरची आणि स्वागतकक्षातला असे तिघे एका बाजूला बसले, तर निम्मे भांडण तेथेच संपेल. आणि उरलेले निम्मे कोणाशी करायचे, हे तिघांनाही उमगेल.