जटायूची वार्ता

रावणाशी झुंजून घायाळ झालेल्या जटायूने प्राण सोडण्यापूर्वी रामास सीतेची वार्ता सांगितली, ही कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. रामाने ती ऐकून घेतली, म्हणून पुढील मार्ग सापडला. आपल्या काळातही जटायूच्या कुळाने मरता मरता अशीच एक वार्ता दिली. ती ऐकण्यास आपण फार विलंब लावला, असे माझे नम्र मत आहे.

निपाणी-बेळगाव भागातील वडीलधारी मंडळी सांगतात की, पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आकाशातून गिधाडे उतरत आणि पाहता पाहता केवळ हाडे उरत. आज आपल्यापैकी कितीजणांनी गिधाड प्रत्यक्ष पाहिले असेल?

राजस्थानातील भरतपूर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडांच्या घरट्यांची मोजदाद करून ठेवली होती. सुमारे दहा वर्षांनी, १९९६ च्या सुमारास, पुन्हा मोजणी झाली तेव्हा भयंकर घट दिसून आली. जुने आकडे हाती नसते, तर ही घट सिद्ध कशी झाली असती? पुढे २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून कारण उघड झाले. गुरांच्या वेदना शमविण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई व त्यांचे मूत्रपिंड निकामी करी. भारत सरकारने २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांस निरुपद्रवी असल्याचेही शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अर्थात शेतकऱ्याच्या बैलावर अन्याय झाला नाही.

कोणी म्हणेल, माणसांपुढे पक्ष्यांची काय मातब्बरी? पण गिधाडे गेली, कुजणारी जनावरे तशीच पडून राहू लागली आणि भटकी कुत्री वाढली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसे अधिक दगावली.

तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांतील तेच औषध गुरांना टोचले जातच राहिले. ही पळवाट बंद करण्यासाठी कुपी ३ मिलीलिटरची करण्यास २०१५ साल उजाडले. केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक या तशाच घातक औषधांवर बंदी आली ती २०२३ साली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. गेलेली पिढी सरकारी हुकुमाने परत येत नाही. म्हणून गुरांचे कोणतेही नवे औषध बाजारात येण्यापूर्वीच त्याची या दृष्टीने परीक्षा व्हावी, असा नियम असावयास हवा. आधी विष आणि मग विचार, हा क्रम उलटा आहे.

विद्यार्थी मित्रहो, यात आपलाही वाटा आहे. गोकाकजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळी पाहुणे उतरतात. आपल्या शेताच्या बांधावर आणि गावच्या तळ्यावरही पाखरे येतात. एक साधी वही घ्यावी व तीत तारीख, ठिकाण, पक्षी आणि संख्या यांची नोंद नेमाने करावी. ‘पूर्वी पुष्कळ होती’ हा केवळ उसासा ठरतो. ‘अमुक साली इतकी होती’ हा पुरावा ठरतो. उसाशावर कायदा होत नाही, पुराव्यावर होतो. पुढचा जटायू घायाळ होण्याआधीच त्याची वार्ता दरबारी पोहोचविणे, हे त्या वहीचे काम आहे.