फ्लॉइडच्या उशाशी

चार्ल्स फ्लॉइडच्या रोजनिशीतली शेवटची नोंद १८ ऑगस्ट १८०४ची आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी मिसुरी नदीच्या काठावर तो गेला. वय जेमतेम बावीस. तो ज्या मोहिमेत होता ती मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम त्या वर्षीच्या मे महिन्यात निघाली होती. पॅसिफिक महासागर गाठून ती सप्टेंबर १८०६मध्ये सेंट लुईसला परतली. अस्वलं, उपासमार, रॉकी पर्वतातला बर्फ, सगळं सोसून तुकडीतली बाकीची माणसं जगली. मोहिमेत मेला तो एकटा फ्लॉइड, आणि तोही पोटाच्या दुखण्याने.

इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला एवढंच येतं. पण तो सार्जंट होता. केंटकीहून येऊन १८०३च्या ऑगस्टमध्ये त्याने नाव नोंदवलं होतं. रोज काय दिसलं, जमीन कशी, ओढे कुठे, हे तो तुटक वाक्यांत, चुकतमाकत लिहून ठेवायचा. ३१ जुलैला त्याने लिहिलं की बरेच दिवस आजारी होतो, आता तब्येत सुधारली आहे. ती नोंद वाचताना माझ्या पोटात कालवतं. कारण पुढे काय होणार ते आपल्याला माहीत आहे, आणि त्याला नव्हतं.

१९ ऑगस्टला एकाएकी कळा सुरू झाल्या. आदल्याच दिवशी लुईसला तीस वर्षं पूर्ण झाली होती आणि रात्री शेकोटीपाशी नाच रंगला होता. क्लार्कने दुखण्याला पित्ताचा शूळ म्हटलं. पोटात काही ठरेना. रात्रीचा मोठा भाग क्लार्क त्याच्यापाशी जागा होता. दुसऱ्या दिवशी होड्या पुढे निघाल्या. गरम पाण्याने थोडी हुशारी येईल म्हणून आंघोळीची तयारी चालली होती, पण त्याला पाण्यात उतरवण्याआधीच सगळं संपलं. मरण्यापूर्वी तो क्लार्कला म्हणाला की मी चाललो, माझ्यासाठी एक पत्र लिहा.

आजच्या बहुतेक डॉक्टरांच्या मते त्याचं अपेंडिक्स फुटलं असावं. मोहिमेबरोबर फिलाडेल्फियाच्या डॉ. बेंजामिन रश यांच्या ६०० गोळ्या होत्या. पाऱ्याचा क्षार आणि जालप नावाचं मूळ यांचा तो जहाल जुलाब. पोट साफ केलं की रोग जातो, ही तेव्हाच्या वैद्यकाची श्रद्धा होती. आपल्याकडेही पोट दुखलं की एरंडेल पाजणाऱ्या आज्या होत्याच. सुजलेल्या अपेंडिक्सवर जुलाब दिला तर ते फुटण्याचा धोका वाढतो, हे आज शिकवलं जातं. पण बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराचं नेमकं वर्णन करून लवकर शस्त्रक्रियेचा आग्रह धरला तो १८८६ साली. १९०२मध्ये इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक याच दुखण्याने पुढे ढकलावा लागला. त्याचं पोट उघडून पू काढला गेला आणि तो वाचला. फ्लॉइड फिलाडेल्फियात, नामांकित डॉक्टरांच्या मधोमध असता, तरी तेव्हा वाचला नसता. म्हणून लुईस-क्लार्कला दोष द्यावा असं मला अजिबात वाटत नाही.

मला थांबवतं ते दुसरंच. फ्लॉइड जाण्याच्या नऊ दिवस आधी ही मंडळी त्याच नदीकाठची एक टेकडी चढली होती. वर ओमाहा जमातीचा प्रमुख ब्लॅकबर्ड याची कबर होती. चार वर्षांपूर्वी देवीच्या साथीत तो आणि त्याची शेकडो माणसं गेली होती. त्यांतही विशी-बाविशीतले असणारच. त्यांच्या शेवटच्या रात्री कुणी कागदावर उतरवल्या नाहीत. फ्लॉइडच्या उतरल्या, कारण त्याच्याभोवती लिहिणारी माणसं होती.

लष्करी इतमामात त्याला नदीकाठच्या उंच कड्यावर पुरलं. लुईसने प्रार्थना वाचली. देवदाराच्या खांबावर नाव आणि तारीख घातली, जवळच्या छोट्या नदीला फ्लॉइडचं नाव दिलं. परतताना १८०६च्या सप्टेंबरमध्ये सगळे मुद्दाम वर चढले. कबर उघडी पडलेली दिसली, ती त्यांनी पुन्हा बुजवली. १८५७मध्ये मिसुरीने कडा खाल्ला, तेव्हा सू सिटीच्या लोकांनी हाडं वाचवून मागे नेऊन पुरली. १९०१मध्ये तिथे १०० फुटांचा दगडी स्तंभ उभा राहिला, आणि १९६०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत पहिलं नाव याच स्तंभाचं लागलं. १८०७मध्ये लुईसने सरकारला लिहिलं होतं की हा मोठ्या गुणाचा तरुण होता, त्याच्या वडिलांना काही मोबदला मिळायला हवा. हे सगळं त्याला मिळालं याचा मला आनंद आहे.

पण त्या आजारपणात त्याची सेवा मुख्यतः कुणी केली, तेही क्लार्कनेच लिहून ठेवलंय. यॉर्कने. यॉर्क हा क्लार्कचा काळा गुलाम, लहानपणापासून त्याच्या घरातला. तंबूतल्या त्या रात्री उलट्या काढणारे, अंग पुसणारे, पाणी पाजणारे हात बहुतांशी त्याचे असणार. शल्यचिकित्सा नव्हती, औषध उपयोगाचं नव्हतं, तेव्हा माणसाने माणसाला देण्याजोगं जे उरतं ते यॉर्कने दिलं. फ्लॉइडची गोष्ट सांगताना त्याचं नाव घेतलं नाही तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होते.

मोहीम संपल्यावर शिपायांना दुप्पट पगार आणि जमीन मिळाली. यॉर्कला काहीच मिळालं नाही. त्याची बायको केंटकीत लुइव्हिलजवळ होती. मला तिच्याजवळ राहू द्या, अशी विनवणी त्याने क्लार्कपाशी केली. क्लार्कने आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत या विनवणीबद्दल राग व्यक्त केला आहे आणि यॉर्कला मारल्याचंही नमूद केलं आहे.