सायकल आठवते, सायकलवाली दिसत नाही

हल्ली चारजणी एकत्र जमल्या, की कुठून तरी सायकलचा विषय निघतोच. भिशी असो, हळदीकुंकू असो, नाहीतर शाळेच्या बॅचचा मोबाइलवरचा ग्रुप असो. कुणीतरी जुन्या काळ्या सायकलचा फोटो टाकतं आणि मग सगळ्या सुरू होतात. 'आठवतं का गं, तासाला चार आणे भाडं होतं!' 'छोटी लाल सायकल मिळावी म्हणून भर दुपारी दुकानासमोर जाऊन बसायचो!' 'आणि तू गटारात पडली होतीस ते?' मग ठरलेला सुस्कारा, 'काय बाई ते दिवस! आताच्या मुलांना त्यातलं काही नाही.'

सुख होतं, यात वादच नाही. माझं लहानपण कऱ्हाडात गेलं. सायकल दुकानदार वडिलांना ओळखायचा, त्यामुळे अनामत वगैरे भानगड नव्हती. वहीत नाव आणि वेळ लिहायची, की झालं. पण लहान सायकली दोन आणि पोरं वीस. म्हणून बहुतेकजणी शिकल्या त्या वडिलांच्या नाहीतर काकांच्या मोठ्या सायकलवर. सीटवर बसून पाय पोचायचेच नाहीत. मग दांडीखालून एक पाय पलीकडे घालायचा, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने सीट काखेत धरायची आणि अर्धंच पायडल मारत वाकडंतिकडं जायचं. हाफ पायडल! ते जमलं की दांडीवरून, आणि मग एक दिवस थेट सीटवर. गुडघे फुटलेले असायचेच. घरी गेल्यावर हळद लागायची, शिवाय दोन धपाटेही मिळायचे.

संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायचं, उतारावर पायडल सोडून द्यायचं. कृष्णा पुलावरून विद्यानगरच्या बाजूला गेलं की वारा असा अंगावर यायचा, की ओरडावंसं वाटायचं. ओरडायचोही. चेन पडली की वाटेतला कुणीही काका थांबून बसवून द्यायचा. डबलसीट बसलेलीने पोलीस दिसला की टुणकन उडी मारायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चालू लागायचं.

तर आठवणी काढायला माझी ना नाही. पण 'आम्ही किती बिनधास्त होतो' असं जे आपण म्हणतो ना, तिथे मला थोडं थांबावंसं वाटतं. बिनधास्त कोण होतं? आणि किती वर्षं होतं?

माझ्या वर्गातली एकजण सगळ्यांत चांगली सायकल चालवायची. हात सोडून चालवायची, उभी राहून चालवायची, मुलांना मागे टाकायची. आठवीच्या दिवाळीनंतर ती चालत यायला लागली. आम्ही विचारलं तर म्हणाली, 'आजी म्हणते, आता मोठी झालीस.' सायकल धाकट्या भावाला मिळाली. तो तर आमच्यापुढून घंटी वाजवत जायचा! रोज दोन मैल जायचे आणि दोन मैल यायचे चालून शेवटी दहावीला तिची शाळा सुटली. घरच्यांनी कारण दिलं, शाळा लांब पडते. अहो, शाळा तिथेच होती. सायकल गेली म्हणून ती लांब पडायला लागली, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आज आमच्या ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांत ती नाही. म्हणजे आठवणी सांगायला उरलो त्या आम्ही, ज्यांच्या घरात कुणी अडवलं नाही. ज्यांना अडवलं, त्या कशाला सायकलचे फोटो टाकतील?

आणि आम्हालासुद्धा मोकळीक होती ती मोजकीच. गाव लहान, सगळे ओळखीचे. तोच काका जो चेन बसवून द्यायचा, तो संध्याकाळी घरी निरोपही पोचवायचा, 'तुमची मुलगी काल पुलावर दिसली, बरोबर कोण होतं?' लग्न झालं आणि सासरी सायकलचं नावही काढलं नाही. सुनेने सायकलवर भाजी आणायला जायचं? सायकल चालवणारी बाई म्हटलं तर नर्सबाई, नाहीतर शाळेतल्या बाई. त्यांना कामच तसं, असं म्हणून लोक सोडून द्यायचे. मागच्या चाकाला जाळी बसवलेली, साडीचा पदर कमरेला खोचलेला, हँडलला पिशवी. त्या बायकांच्या हिमतीचं आपण तेव्हा कौतुक केलं नाही, हेही खरंच.

एक गोष्ट मात्र नक्की आपल्या बाजूची होती, ती म्हणजे रस्ता. दिवसाकाठी मोजक्या एसट्या, चार ट्रक, डॉक्टरांची फियाट. पोर रस्त्यावर पडलं तर मागचं वाहन थांबायला वेळ मिळायचा. आपल्या बिनधास्तपणातला अर्धा वाटा आपल्या धाडसाचा असेल, पण उरलेला अर्धा त्या रिकाम्या रस्त्याचा होता. तो रस्ता गेला आणि आपण मुलांनाच नावं ठेवतो, की यांना सायकल नको, मोबाइल हवा.

बरं, सायकल खरंच गेली का? २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी जवळजवळ ४५ घरांत सायकल होती. स्कूटर, मोटरसायकल होती ती २१ घरांत. म्हणजे सायकल होती की. आपल्या घरातून गेली, म्हणून आपल्याला वाटलं जगातूनच गेली. आज सकाळी दहाच्या सुमारास कुठल्याही तालुक्याच्या गावाच्या वेशीवर उभ्या राहा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली येतात, दोन वेण्या, पाठीवर दप्तर, काहींच्या कॅरिअरला बहीण. सायकलवालीच ना ती? पण आपल्याला ती दिसत नाही. दिसते ती स्कूटीच्या आडवी आल्यावर. मग आपणच करकचून हॉर्न वाजवतो, 'काय गं, बाजूने चालवता येत नाही का?' बाजूला जागा कुठे आहे? बाजूला खड्डा, वडापाव-चहाच्या गाड्या आणि आपणच लावलेल्या गाड्या!

सायकलने मुलीचं काय होतं, हे बिहारने दाखवून दिलं. हो, बिहारनेच! तिथे २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली, आधी दोन हजार रुपये. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं. त्यातही जास्त फायदा झाला तो शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. वाचलं तेव्हा मला आधी आमची ती मैत्रीणच आठवली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. चांगलंच आहे. पण सायकल दिली आणि रस्ता दिला नाही, तर निम्मंच काम झालं.

आमच्या भागात तर नोव्हेंबरपासून कारखान्यांचा हंगाम असतो. उसाने ओसंडणारे ट्रॅक्टर, मागे एक सोडून दोन-दोन ट्रॉल्या, वर कानठळ्या बसवणारी गाणी. ड्रायव्हरला मागून कुणी ओरडलं तर ऐकूही जाणार नाही. पुढची ट्रॉली वळते तेव्हा मागची कुठे जाईल, सांगता येत नाही. कित्येकदा मागे लाल पट्टीसुद्धा नसते. हिवाळ्यात साडेपाचला शाळा सुटते तोवर अंधारायला लागतं, आणि त्या अंधारात त्याच रस्त्यावर आठवीतली मुलगी सायकलवर. तिच्या आईने काय करावं? आमच्या वेळी आजी म्हणायची, 'मोठी झालीस.' आता आई म्हणते, 'रस्ता वाईट आहे.' मुलीच्या वाट्याला शेवटी तेच येतं, सायकल भिंतीला.

मग ज्यांना परवडतं त्या आया काय करतात? चौदा वर्षांच्या लेकीच्या हातात स्कूटी देतात. 'क्लासला जायला बरं पडतं हो.' मैत्रिणींनो, हे चालत नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. दुकानात मिळणाऱ्या पेट्रोलच्या स्कुट्या शंभर-सव्वाशे सीसीच्या असतात, त्यांना अठरा वर्षं पूर्ण लागतात. २०१९ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं सोडा, सव्वाशे सीसीच्या गाडीवर, हेल्मेट डिकीत ठेवून ती पोर त्याच उसाच्या ट्रॉलीशेजारून जाते, याची भीती नाही का वाटत?

रविवारी सकाळी हेल्मेट-ग्लोव्हज घालून, पन्नास हजारांच्या गिअरच्या सायकलवरून फिरायला जाणारे ग्रुप आता लहान गावांतही निघालेत. माझा त्यांच्यावर राग नाही, तब्येतीला चांगलं आहे. त्यांचा सत्कार होतो, पेपरात फोटो येतो. मात्र रोज बारा किलोमीटर सायकल हाणून शाळा गाठणाऱ्या मुलीला आपण 'बिचारी' म्हणतो. तिच्या सायकलला आपल्या लेखी गरिबीचा वास येतो. हा आपला दुटप्पीपणा गेल्याशिवाय आपल्या मुली सायकलवर बसायच्या नाहीत. कारण आपण कशाला किंमत देतो हे त्यांना बरोबर कळतं.

मला विचाराल तर मागणी फार मोठी नाही. परदेशातल्यासारखे रंगवलेले सायकल ट्रॅक नकोत, तिथे दुसऱ्या दिवशी गाड्याच उभ्या राहतील. गणपतीच्या मिरवणुकीला, यात्रेला अवजड वाहनं गावाबाहेरून वळवतात की नाही? तसंच हंगामात शाळा भरताना अर्धा तास आणि सुटताना अर्धा तास शाळेच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि डंपर बंद ठेवायचे. शाळेपासून वेशीपर्यंत रस्त्याचे दिवे साडेपाचलाच लावायचे. कडेच्या गाड्या हलवायच्या. यासाठी तहसीलदार, पोलीस ठाणे आणि नगरपालिका अशा तीन ठिकाणी एकेक अर्ज द्यावा लागेल. महिला मंडळाच्या लेटरहेडवर, पन्नास सह्यांचा. हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला दिला तर उपयोग होईल. सह्या गोळा करायला भिशी आहेच.