त्वचा काळवंडते तेव्हा: आधी जागा पाहावी, मग मलम

वय वाढत जाते तसा त्वचेचा रंग सर्वत्र सारखा राहत नाही. मान, कपाळ, घोटे, बोटांची पेरे अशा कोठे ना कोठे काळसर छटा उतरते. घरची मंडळी 'आता वयच झाले' म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात, किंवा जाहिरातीत पाहिलेले एखादे मलम आणून चोळू लागतात. हे दोन्ही मार्ग घाईचे होत. त्वचेचा काळेपणा पुष्कळदा शरीराच्या आत काय चालले आहे ते सांगत असतो. म्हणून डाग घालवण्याआधी तो का पडला, हे विचारणे अगत्याचे आहे.

रंग गडद का होतो?

त्वचेतील विशिष्ट पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. उन्हातील अतिनील किरणांपासून आतील पेशींचे रक्षण करणे हे त्याचे काम. ऊन, घर्षण, खाज, पुरळ, संप्रेरकांतील बदल किंवा काही औषधे यांमुळे या पेशी चेतवल्या गेल्या की रंगद्रव्य अधिक प्रमाणात तयार होते. ते वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो व उपचारांना लवकर दाद देतो. खालच्या थरात उतरले तर छटा राखाडी-निळसर होते आणि ती फिकट व्हायला बरेच महिने, कधी वर्षेही लागतात. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत साधी पुटकुळी किंवा डासाचा चावा बरा झाल्यावरही काळा डाग मागे राहतो. तो रोग नव्हे.

जागेवरून मिळणारे संकेत

*मान व काखा:* येथील त्वचा काळी, जाडसर आणि मखमलीसारखी झाली, तर तो मळ नव्हे. घासून निघत नाही. शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी साखर तपासावी, वजन व कंबरेचा घेर पाहावा. वजन उतरले की मानही हळूहळू उजळते. उतारवयात हा बदल अचानक आला, झपाट्याने पसरला आणि सोबत भूक व वजन घटू लागले, तर मात्र पोटातील गंभीर आजाराची शंका घेऊन तातडीने तपासणी करावी.

*घोट्यांच्या वरचा भाग:* आमच्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण परिसरात हा प्रकार विशेष आढळतो. तीस-पस्तीस वर्षे यंत्रापुढे उभे राहून पाळ्या केलेल्या निवृत्त कामगारांच्या पायांवरील शिरा फुगतात. शिरांमधील झडपा कमकुवत झाल्याने रक्त खाली साचते, तांबड्या पेशी शिरेबाहेर झिरपतात आणि त्यांतील लोह त्वचेत साठून तांबूस-काळा डाग पडतो. येथे मेलॅनिनपेक्षा लोहाचा वाटा मोठा असल्याने रंग उजळवणारे मलम उपयोगी पडत नाही. पाय उंचावर ठेवून बसणे, रोज चालणे, त्वचा मऊ राखणे आणि दाबाचे मोजे घालणे हा खरा उपाय. मात्र मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी पायाचा रक्तपुरवठा तपासून घेतल्यावाचून असे मोजे घालू नयेत. या डागाकडे दुर्लक्ष झाले तर पुढे तेथेच लवकर न भरणारी जखम होते.

*बोटांची पेरे व तळहाताच्या रेषा:* या काळवंडल्या आणि सोबत थकवा, पायांना मुंग्या किंवा विसरभोळेपणा असेल, तर 'ब-१२' जीवनसत्त्वाची तपासणी करावी. शुद्ध शाकाहारी व्यक्ती, दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही आणि रोज आम्लपित्ताची गोळी घेणारे यांच्यात ही उणीव अधिक असते. ती भरून काढली की काही महिन्यांत रंग पूर्ववत होतो. पेरांसोबत हिरड्या व जुन्या जखमांचे व्रणही काळे पडले, अशक्तपणा आला, रक्तदाब उतरू लागला, तर अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या विकाराचा विचार करावा लागतो.

*पाठ, दंड व नडग्या:* येथे बारीक लाटांसारख्या काळसर रेघा दिसत असतील तर घासणीकडे पाहावे. प्लॅस्टिकच्या खरखरीत घासणीने किंवा खडबडीत टॉवेलने वर्षानुवर्षे घासण्यामुळे त्वचा उजळत नाही, उलट काळी होते. घासणी कायमची बाजूला ठेवणे हाच पहिला उपचार.

*कपाळ, कानशिले व मानेची कड:* देहू-आळंदीच्या या भूमीत गंध, बुक्का, कुंकू ही नित्याची लेणी. त्यांतील कृत्रिम रंग व सुगंधी द्रव्ये काहींना सोसत नाहीत आणि खाज येऊन किंवा खाज न येताही कपाळ काळवंडते. केसांचा काळा कलप व 'काळी मेंदी' यांचेही तेच. डाग केसांच्या कडेने असेल तर कलप आणि टिळ्याच्या जागी असेल तर कुंकू किंवा गंध काही महिने बंद करून पाहावे. श्रद्धेला धक्का न लावता शुद्ध चंदन उगाळून लावता येते; तेही आधी हाताच्या आतील बाजूस लावून दोन दिवस पाहावे.

*गाल व नाक:* येथील वांग ऊन, संप्रेरके व आनुवंशिकता यांमुळे येतो. उन्हात वावरणाऱ्या पुरुषांनाही तो होतो.

औषधांची यादी तपासावी

हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अ‍ॅमिओडॅरोन, संधिवातासाठीचे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, काही मानसिक विकारांवरील क्लोरप्रोमाझिन यांसारख्या औषधांनी त्वचा काळवंडू शकते. म्हणून ते औषध स्वतःहून थांबवू नये. डॉक्टरांना डाग दाखवावा; बदल करायचा की नाही ते त्यांना ठरवू द्यावे.

अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी

शय्याव्रणाची सुरुवात लालसर डागाने होते असे पुस्तकांत वाचायला मिळते. सावळ्या त्वचेवर तो लाल दिसतच नाही. भोवतालच्या त्वचेपेक्षा गडद किंवा जांभळट दिसतो. माकडहाड, नितंब, टाचा व घोटे रोज उजेडात पाहावेत. गडद जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम, टणक, पिलपिलीत किंवा दुखरी लागली तर तिच्यावरचा दाब ताबडतोब काढावा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवाव्यात. त्या जागी मालिश करू नये.

उजळवणाऱ्या मलमांचा धोका

२०२३ च्या आरंभी अकोल्यातील एका कुटुंबाची हकिगत वृत्तपत्रांतून आली होती. त्वचा उजळवणारे मलम वापरणाऱ्या घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेतला गेला तेव्हा त्या मलमात पारा असल्याचे निष्पन्न झाले. पारा मेलॅनिन बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा काही दिवसांत खुलतो. पण तो त्वचेतून रक्तात शिरून मूत्रपिंडाच्या गाळण्या निकामी करतो. लघवीला फेस येणे आणि पाय सुजणे ही त्याची लक्षणे. मलम लावलेल्या हाताने नातवंडांना कुरवाळले, टॉवेल-उशी एकच वापरली, तरी पारा इतरांपर्यंत पोचतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा मलमांत हेतुपुरस्सर पारा मिसळता येत नाही. नकळत आला तरी दहा लाख भागांत एक भागापेक्षा अधिक चालत नाही. घटक, उत्पादकाचा पत्ता व बॅच क्रमांक छापलेला नसेल ते मलम घरात ठेवू नये.

दुसरा धोका स्टिरॉइडयुक्त मलमांचा. ती प्रारंभी गुण दाखवतात, पण पुढे त्वचा पातळ व लाल होते, मुरमे-केस येतात आणि मलम थांबवताच डाग दुप्पट होतात. २०१८ पासून अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकण्यास मनाई आहे. शेजारणीची नळी मागून आणणे थांबवावे. लिंबाचा रस लावून उन्हात जाणेही टाळावे. त्याने त्वचा भाजून नवे काळे चट्टे उमटतात.

मग उपचार कोणते?

कारण दूर करणे हा पाया. त्यानंतर ऊन टाळणे: दहा ते चारच्या दरम्यान छत्री, टोपी, लांब बाह्या, चेहऱ्याला किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन, दोन बोटांवर मावेल इतके, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर त्वचेच्या रंगाचे, लोहाच्या ऑक्साइडचे सनस्क्रीन अधिक लाभदायक. ते दृश्य प्रकाशही अडवते. अ‍ॅझेलाइक आम्ल, ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन ही औषधे त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने व ठरावीक मुदतीसाठीच वापरावीत. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावल्यास त्वचा कायमची निळसर-काळी होऊ शकते. ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या गोळ्या रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार होऊन गेलेल्यांनी परस्पर घेऊ नयेत. पील व लेझर सावळ्या त्वचेवर अनुभवी हातांनीच व्हावेत. फरक दिसायला किमान दोन-तीन महिने लागतात.

विलंब नको

तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली नवा काळा डाग, कडा वेड्यावाकड्या होत जाणारा, रंग बदलणारा, वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ, भरत नसलेली जखम: यांपैकी काहीही दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडे त्वचेचा घातक कर्करोग अनेकदा तळपायावरच सुरू होतो आणि ज्येष्ठांना स्वतःचा तळपाय सहसा दिसत नाही. घरच्यांनी महिन्यातून एकदा तो पाहावा. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या, मलमे, कलपाचे पाकीट आणि कुंकवाची डबी पिशवीत घालून न्यावी. निम्मे निदान त्या पिशवीतच सापडते.