प्रतिकारशक्ती वाढवायची की शहाणी ठेवायची?

“डॉक्टर, इम्युनिटी वाढवायला काहीतरी लिहून द्या ना!”

कोविडनंतर हे वाक्य माझ्या दवाखान्यात जवळजवळ रोज ऐकू येतं. सर्दी झाली तरी, थकवा आला तरी आणि काहीच झालेलं नसलं तरीही. मी बहुतेक वेळा हसून वेळ मारून नेत असे. पण मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या आणि हसून चालणार नाही हे पटलं.

बाईंना रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांचा आजार. गेली काही वर्षं मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांवर तो छान आटोक्यात होता. त्या दिवशी मात्र बोटं सुजलेली, मूठ वळत नव्हती, पोळी लाटणं बंद झालेलं. विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, “गोळ्या तीन महिन्यांपूर्वीच बंद केल्या. ग्रुपवर आलं होतं, त्यांनी इम्युनिटी कमी होते म्हणून. त्याऐवजी इम्युनिटी वाढवायचा काढा घेतेय.”

बाईंची प्रतिकारशक्ती कमी नव्हतीच. ती घरच्याच माणसांवर हात उगारत होती आणि बाई तिलाच खुराक देत होत्या.

माझं स्पष्ट मत आहे की ‘वाढवा’ हा शब्दच इथे चुकीचा आहे. आपलं शरीर प्रतिकारशक्तीला मारायला शिकवतं, तितकीच मेहनत ते तिला न मारायला शिकवण्यावर घेतं. ती कशी, ते थोडं समजून घेऊ.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते आणि उतारवयात तिथे बहुतांशी चरबीच उरते. त्यामुळे बराच काळ तिला फारसं कोणी विचारत नव्हतं. १९६१ मध्ये जॅक मिलर या संशोधकाने नवजात उंदरांची थायमस काढून पाहिली. ते उंदीर जंतुसंसर्गाला तोंड देऊ शकेनात आणि परक्या उंदराची त्वचा लावली तरी त्यांचं शरीर ती नाकारेना. तेव्हा कळलं, की प्रतिकारशक्तीची शाळा इथे भरते.

या शाळेतले विद्यार्थी म्हणजे टी-पेशी. त्यांचा उगम हाडांतल्या मगजात होतो आणि शिक्षणासाठी त्या थायमसमध्ये येतात. शत्रू ओळखण्यासाठी प्रत्येक टी-पेशीवर एक ‘हात’ असतो. तो कसा असेल हे पत्ते पिसल्यासारखं ठरतं. म्हणूनच कधी न पाहिलेल्या विषाणूलाही ओळखणारी एखादी पेशी आपल्याकडे निघते. पण पत्ते पिसले की नको ते पानही हाती येतंच. काही पेशींचे हात आपल्याच थायरॉइडवर, आपल्याच स्वादुपिंडावर नेमके बसतात.

म्हणून इथे दोन परीक्षा होतात. आपल्या जवळजवळ सगळ्या पेशी आत काय चाललंय याचे नमुने पृष्ठभागावर धरून दाखवतात. ते नमुने वाचता येतात का, ही पहिली परीक्षा. ज्या टी-पेशींना ते जमत नाही त्या तिथेच मरतात. दुसरी परीक्षा अधिक कठीण. शरीरातल्या निरनिराळ्या अवयवांचे नमुने दाखवले जातात, आणि त्यांच्यावर जी पेशी त्वेषाने तुटून पडेल ती बहुधा बाद होते.

आता गंमत पाहा. इन्सुलिन स्वादुपिंडात बनतं, मग छातीतल्या या ग्रंथीत त्याचा नमुना कुठून येणार? थायमसमधल्या काही पेशी तो स्वतःच बनवतात! या कामात ‘एआयआरई’ नावाच्या जनुकाचा मोठा वाटा आहे. ते १९९७ मध्ये सापडलं. ज्या मुलांमध्ये हे जनुक बिघडलेलं असतं, त्यांची प्रतिकारशक्ती एकामागून एक ग्रंथींवर हल्ला करते. आजार दुर्मीळ आहे, पण या परीक्षेची किंमत काय हे तो दाखवून देतो.

दोन्ही परीक्षा पार करून शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पेशी बाहेर पडतात. इतकी कडक शाळा मी तरी दुसरी पाहिली नाही.

तरीही काही चुकार विद्यार्थी निसटतात. त्यांना आवरण्यासाठी शरीर शांतता राखणाऱ्या वेगळ्या टी-पेशी तयार करतं. मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो तेव्हा त्या आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हत्या. जपानच्या शिमॉन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये ठामपणे दाखवून दिल्या. त्यांना आणि मेरी ब्रंकॉ व फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकन संशोधकांना याच विषयातल्या कामासाठी २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. म्हणजे तो सन्मान प्रतिकारशक्तीला लगाम कसा लागतो, हे शोधणाऱ्यांना मिळाला.

हा लगाम सैल झाला की आपलेच अवयव निशाण्यावर येतात. हाशिमोटोचा थायरॉइड, टाइप १ मधुमेह, ल्युपस, कोड, बाईंचे सांधे, सगळी याच कुळातली मंडळी. यामागे जनुकं असतात, कधी संसर्गाचं निमित्त होतं, काही आजारांत धूम्रपानानेही भर पडते. पण “माझं काय चुकलं?” असं रडत विचारणाऱ्या पेशंटला मी सांगतो, तुम्ही काही पाप केलेलं नाही. कोड तर संसर्गजन्यही नाही. त्यावरून एखाद्या मुलीचं लग्न मोडणं हा मला आजाराहून मोठा आजार वाटतो.

आता काढ्याकडे येऊ. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल सुरू झाली. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृतात प्रतिकारशक्तीनेच हल्ला केल्यासारखी लक्षणं होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला, हेही सांगायला हवं. माझा मुद्दा साधा आहे. ज्यांना आधीच असा आजार आहे त्यांनी ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून काहीही, कोणत्याही पॅथीचं, डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

“पण या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती खरंच कमी होते ना?” प्रश्न रास्त आहे. हो, या गोळ्या तिला शांत करतात आणि त्यामुळे संसर्गाचा धोका थोडा वाढू शकतो. म्हणूनच ठरावीक काळाने रक्त आणि यकृताच्या तपासण्या करायच्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने लसी घ्यायच्या, ताप आला तर अंगावर काढायचा नाही. सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड मनाने एकदम कधीच बंद करायचं नाही.

बाकीच्यांसाठी लस, पुरेशी झोप, ताटात डाळ-उसळ-अंडी, रोजचं चालणं, तंबाखूला रजा. यात बाटलीतून विकण्यासारखं काही नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

बाईंनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दोन-अडीच महिन्यांनी मूठ वळायला लागली. पण त्या तीन महिन्यांत सांध्यांची जी झीज झाली असेल, ती कोणत्याही काढ्याने किंवा गोळीने भरून येत नाही. म्हणून एवढंच सांगणं, ग्रुपवरचा मेसेज वाचून औषध बंद करावंसं वाटलं, तर आधी आपल्या डॉक्टरांना एक फोन करा.