वीज मुंबईस, राख चांद्यास

चंद्रपूरच्या धुळीविषयीं कोणीं चार शब्द लिहिले कीं, शिकलेल्या मंडळींकडून एक ठराविक उत्तर येतें: देशास कोळसा पाहिजे, वीज पाहिजे, ज्या गांवाच्या पोटांत कोळसा आहे त्यानें थोडें सोसलेंच पाहिजे. हें उत्तर देणारे बहुधा पुण्यामुंबईस राहतात, हा आम्ही योगायोग समजत नाहीं. सोसण्याचा उपदेश नेहमीं दूर बसूनच करावा लागतो.

गोंड राजांचा परकोट, महाकालीचें देऊळ आणि इरई नदी हें जुन्या चांद्याचें वैभव. आज त्याच्या सभोंवतीं दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, बल्लारपूर अशा खाणींचा वेढा पडला आहे, आणि शेजारींच २,९२० मेगावॅटचें महाऔष्णिक वीजकेंद्र उभें आहे. उघड्या खाणींत सुरुंग लावून वरची माती व खडक काढितात आणि त्यांचे डोंगर रचितात. कोळसा ट्रकांत भरून नेतात. रस्त्यावर सांडलेला चाकांखालीं दळला जातो. शिवाय आपल्या कोळशांत राखेचें प्रमाणच शेंकडा तीस-चाळीस असल्यामुळें जाळलेल्या मालाचा जवळजवळ तिसरा हिस्सा राख म्हणून उरतो. खणणें, वाहून नेणें, जाळणें आणि राख टाकणें, हे चारही उद्योग एकाच गांवाच्या अंगणांत!

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांची प्रतवारी लाविली, तेव्हां चंद्रपूरास शंभरांपैकीं ८३.८८ गुण मिळून त्याचा चौथा क्रमांक लागला. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद एवढींच काय तीं त्याच्या वर होतीं. २०१० सालीं अशा क्षेत्रांत नव्या कारखान्यांस परवानगी देणें सरकारनें थांबविलें. पण त्यानंतरच्या दहा वर्षांतच येथें पांचपांचशें मेगावॅटचे आणखी दोन संच धडधडूं लागले. २०१९ सालीं स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, त्यांतही चंद्रपूरचें नांव आहेच. यादींत नांव घालण्याच्या कामीं आपलें सरकार कधीं कुचराई करीत नाहीं.

डोळ्यांना दिसणारी, दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर बसणारी धूळ तितकी घातक नव्हे. माणसाचा केंस सुमारें सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. अडीच मायक्रॉनांहून बारीक कण नाकांत अडत नाहींत, घशांत अडत नाहींत, ते फुप्फुसाच्या तळाशीं जाऊन तेथून रक्तांत उतरतात. दमा आणि जुना खोकला तर होतोच, पण हृदयविकार आणि पक्षाघातही त्यांच्याच मागून येतात. ह्या कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेंत पांच मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक नसावी असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सांगितलें; आपल्या सरकारनें २००९ सालीं ठरविलेली मर्यादा चाळीसांची आहे. म्हणजे सरकारी माप तंतोतंत पाळलें तरी आठपट झालीच!

कोणी म्हणेल, लोक विड्या ओढतात, घरोघर चुली पेटतात, मग खाणीलाच दोष कां? विडी आणि चूल वाईटच. परंतु ज्याच्या फुप्फुसांत आधींच धूर आहे त्याला आणखी धूर पाजावा, हा कोणत्या वैद्यकाचा न्याय?

खाणींत उतरणाऱ्या मजुराविषयीं कायद्यानें निदान कांहीं विचार केला. कोळशाच्या धुळीनें होणारा फुप्फुसाचा रोग १९५२ च्या खाण कायद्याखालीं सरकारास कळविण्याच्या रोगांत घातला गेला, आणि पुढें मजुराची ठराविक मुदतीनें तपासणी करण्याचे नियम झाले. पण त्या मजुराची बायको, शाळेंत जाणारीं मुलें, ट्रकांच्या रस्त्यावर दिवसभर पानाचा ठेला चालविणारा मनुष्य, ह्यांनीं जन्मभर तीच हवा घ्यावी आणि त्यांची छाती कोणींही मुद्दाम पाहूं नये!

१९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर कोळशाच्या धुराचें धुकें पांच दिवस बसलें, हजारों माणसें दगावलीं, आणि १९५६ सालीं तेथें स्वच्छ हवेचा कायदा झाला. चांद्याची धूळ पांच दिवसांत मारीत नाहीं, वीस वर्षांत मारिते; म्हणून तिची बातमी होत नाहीं. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्यें वीजकेंद्रांच्या धुरांतील गंधकाच्या वायूवर मर्यादा घातली, मुदत दोन वर्षांची. ती २०२२ वर गेली, मग त्याही पुढें. आणि जुलै २०२५ मध्यें देशांतील बहुतेक केंद्रांस सूटच मिळाली. चंद्रपूरसारख्या क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरण पाहून करावा, असें ठरलें. देशी कोळशांत गंधक कमी, हें कारण सांगतात. गंधक कमी खरा. पण दररोज हजारों टन कोळसा जाळिल्यावर त्या कमीचें किती होतें, हा त्रैराशिकाचा हिशेब शाळेंतला मुलगाही करील.

ही वीज जाते कोठें? चंद्रपूरपासून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी वाहिनी १९९९ पासून आहे. राखेसाठीं तशी वाहिनी कोणीं बांधली नाहीं. आमची मागणी साधी आहे. कोळशाचे ट्रक झांकलेले असावेत, राखेच्या तळ्यांवर सदैव पाणी असावें, हवेचे रोजचे आंकडे चौकांत फळ्यावर लागावेत, आणि गांवांतील प्रत्येक मुलाची व म्हाताऱ्याची दरसाल छाती तपासली जावी. खर्चासाठीं दूरच्या शहरांच्या बिलांत दर युनिटामागें दोन पैसे वाढवावे, आणि त्यांचा हिशेब त्याच बिलाच्या पाठीवर छापावा. तेथें जागा पुष्कळ आहे.