पदवी कोणाच्या कामाची?

मुलगा किंवा मुलगी एम.ए., पीएच.डी. करू लागली की घरात पहिला प्रश्न असतो, "नोकरी कुठे लागणार?" प्रश्न चुकीचा नाही, घर तर चालवावेच लागते. पण आणखी एक प्रश्न विचारायचा राहून जातो.

१९२० साली अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. सरकारी मदतीचे कॉलेज सोडून तिच्यात आलेल्या तरुणांत झाकिर हुसेन होते. पुढे ते बर्लिनला गेले आणि १९२६ साली अर्थशास्त्राचे डॉक्टर झाले. इकडे दिल्लीला हलवलेली जामिया पैशाअभावी बंद पडायची वेळ आली होती. "आम्ही येतो, जामिया बंद करू नका," असे त्यांनी आणि त्यांचे मित्र आबिद हुसेन व मुहम्मद मुजीब यांनी कळवले, आणि शब्द पाळला.

एकोणतिसाव्या वर्षी झाकिरसाहेब कुलगुरू झाले, ते १९४८ पर्यंत. वीस वर्षे सेवा करायची आणि महिना १५० रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही, अशी शपथ त्यांनी सहकाऱ्यांसह घेतली. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच होते.

प्रत्येकाला एवढा त्याग जमणार नाही. पण आठवड्यातली एक संध्याकाळ मोहल्ल्यातल्या दहावीच्या मुलांना देता येईल. तेव्हा नोकरीचे विचारून झाले की एवढेही विचारा, "बेटा, तुझे शिक्षण आणखी कोणाच्या कामी येईल?"